आज वहीत काय लिहिलं, हे विचारू नका

संध्याकाळी लेकरू शाळेतून येतं, दप्तर कोपऱ्यात टाकतं आणि त्याचे हातपाय धुऊन व्हायच्या आत आपला प्रश्न तयार असतो. "बघू वही. आज काय लिहून दिलं?" वही भरलेली दिसली की जीव भांड्यात पडतो. कोरी दिसली की कपाळाला आठी पडते. मग शेजारणीकडे चौकशी होते, दुसऱ्या तुकडीत किती धडे झाले ते कळतं, आणि एखाद्या दिवशी विसरलेला डबा द्यायच्या निमित्तानं आपण शाळेच्या फाटकाशी उभ्या असतो. "मॅडम, तुमच्या वर्गात शिकवतात तरी कधी? पोरगी म्हणते, काल चिंचोके मोजले, आज जमिनीवर पेपर अंथरले. खेळायला का शाळेत पाठवतो आम्ही?"

हा प्रश्न मी फाटकाच्या दोन्ही अंगांनी ऐकलेला आहे. घरी मी आई, आणि दिवसाचे तीन तास एका शाळेत तासिकेवर पाचवी ते सातवीच्या वर्गांना शिकवणारी बाई. म्हणून या आठवड्यात लोणची-पापड बाजूला ठेवून वर्गाविषयीच बोलू या म्हटलं. विषय शाळेचा असला तरी त्याची किल्ली पुष्कळदा आपल्या हातात असते. ती कशी, ते पुढे येईलच.

भाकरी पाहून येत नाही

लग्नाआधी ज्वारीची भाकरी तुम्ही किती वेळा पाहिली होती? हजारो वेळा. आईचा हात परातीत गोल फिरताना रोज पाहिला होता. तरी स्वतः थापायला बसल्यावर पहिली भाकरी उचलताना मोडलीच ना? पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते, मग ते कढत पाण्यात मळावं लागतं, भाकरी तव्यावर टाकल्यावर वरून पाणी केव्हा फिरवायचं, हे सारं कानावरून गेलेलं होतं. कळलं ते चार भाकरी चिरल्यावर.

वर्गातही असंच असतं, बरं का. फळ्यावरचं वहीत उतरवायला डोळे आणि बोटं पुरतात. 'क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी' हे वाक्य वीस वेळा सुवाच्य अक्षरात लिहिलेल्या मुलीला विचारावं, "आपल्या वर्गाला फरशी किती लागेल गं?" तर ती गप्प. तिला आकडे कुणी दिलेले नसतात ना!

आता तीच मुलगी जुने पेपर चिकटवून एक मीटर लांब, एक मीटर रुंद असे चौरस करते. चौघींच्या गटात ते जमिनीवर मांडते. भिंतीपाशी अर्धा चौरस उरतो, तेव्हा त्याचं काय करायचं यावर मैत्रिणींशी हुज्जत घालते. एक म्हणते, सोडून द्या. दुसरी म्हणते, दोन अर्धे मिळून एक धरा. त्या हुज्जतीत तिला क्षेत्रफळ कळतं. त्या दिवशी वहीत एक आकृती आणि एक आकडा एवढंच असतं. शेजारच्या तुकडीत मात्र दीड पान भरलेलं असतं!

शिक्षणशास्त्रात याला कृतियुक्त अध्ययन म्हणतात. नाव जड, पण गोष्ट साधी आहे. तासाच्या वेळात मुलानं काहीतरी करावं, बोलावं, विचारावं, चुकावं आणि आपली चूक आपण शोधावी. बाईंनी बोलूच नये असा त्याचा अर्थ नव्हे. पण पूर्ण तास बाईच बोलत राहिल्या, तर सराव बाईंचा होतो.

शिकल्यासारखं वाटणं

"पण समोर उभं राहून छान समजावून सांगितलं की मुलांना कळतंच की!" असं एक मैत्रीण मला म्हणाली. तिचं म्हणणं अगदीच चूक नाही. छान समजावलेलं ऐकताना कळल्यासारखं खरंच वाटतं. प्रश्न आहे तो त्या 'वाटण्या'चा.

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. काहींना सराईत प्राध्यापकांनी सुरेख व्याख्यान दिलं. काहींना तोच भाग गटात बसून, प्रश्न सोडवत शिकायला लावला. शेवटी चाचणी घेतली, तेव्हा स्वतः सोडवणाऱ्यांना जास्त आलं. गंमत याच्या पुढे आहे. तुम्ही किती शिकलात असं तुम्हाला वाटतं, हेही त्यांना विचारलं होतं. व्याख्यान ऐकणाऱ्यांना वाटलं, आपण पुष्कळ शिकलो. डोकं खाजवत बसलेल्यांना वाटलं, आपण कमीच शिकलो!

त्याआधी २०१४ साली कॉलेजातल्या विज्ञान, गणित आणि इंजिनिअरिंगच्या शिकवण्यावरचे २२५ अभ्यास एकत्र तपासले गेले होते. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत शंभरातले साधारण ३४ विद्यार्थी नापास होत होते, कृती असलेल्या वर्गांत साधारण २२.

ती कॉलेजची मुलं, आपली पाचवी-सहावीतली, हे मला मान्य आहे. पण तिथल्या हुशार विद्यार्थ्यांनाही जर आपण शिकलो की नाही हे नीट ओळखता आलं नाही, तर आपण नुसती वही चाळून ते कसं ओळखणार? मूल अडखळत, चिडत, 'आज काही कळलंच नाही' म्हणत घरी आलं तर तो दिवस फुकट गेला असं लगेच धरू नये. त्या दिवशी कदाचित त्याच्या डोक्याला खरं काम मिळालेलं असतं.

आपल्याकडे हे नवं नाही

हे सारं परदेशातलं फॅड आहे, असं म्हणणाऱ्यांना आपल्याच दोन बाया दाखवाव्यात. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी गुजराथेत भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलं आणि १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं. अनुताई तिथे त्यांना येऊन मिळाल्या. १९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. बोर्डी आणि कोसबाड तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते, आता पालघर जिल्ह्यात आहेत.

मॉन्टेसोरीची महागडी साधनं तिथे कुठून आणणार? मग शंख-शिंपले, खडे, पानं, बिया हीच साधनं झाली. आदिवासी पाड्यांवरची लेकरं शाळेत येईनात, तेव्हा बाया पाड्यावर जाऊन अंगणात शाळा भरवू लागल्या. आज गल्लोगल्ली दिसणाऱ्या 'अंगणवाडी' या शब्दाचं मूळ तिथे आहे. गुरं राखणारी मुलं अंगणातही सापडेनात, तेव्हा गुरं चरतात त्या कुरणात शाळा गेली. तिचं नाव कुरणशाळा. मूल जिथे आहे आणि जे करतं आहे तिथून शिकवायला सुरुवात करावी, ही त्यामागची दृष्टी. ती लक्षात ठेवा, आपल्याला पुढे लागणार आहे.

पुढे १९८५ मध्ये लीलाताई पाटलांनी कोल्हापुरात 'सृजन आनंद विद्यालय' काढलं. तिथेही अनुभवातून शिकण्यावर भर. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्यात तर मुलांनी कृतीतून आणि शोध घेत शिकावं, असं स्पष्ट लिहिलेलं आहे. साताऱ्याकडच्या कुमठे बीटमधल्या जिल्हा परिषदेच्या शाळा या पद्धतीसाठी इतक्या गाजल्या की राज्यभरातून शिक्षक त्या पाहायला जाऊ लागले. जून २०१५ मध्ये सरकारनं 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा कार्यक्रम काढला आणि 'ज्ञानरचनावाद' हा शब्द प्रत्येक शाळेच्या भिंतीपर्यंत पोचला. भिंतीवरून तो वर्गात किती उतरला, हे शाळेशाळेवर अवलंबून राहिलं.

आपल्या जिल्ह्याचा वर्ग

आता आपल्या बीडकडे येऊ. दसरा-दिवाळी झाली की जिल्ह्यातल्या अकराही तालुक्यांतून गाड्या भरून निघतात, हे तुम्ही जाणताच. मुकादमाकडून उचल घेतलेली असते. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. कोयत्याबरोबर लेकरंही जातात, कुणी कोल्हापूर-सांगलीकडे, कुणी सोलापूर-पुण्याकडे, कुणी पार कर्नाटकात. ती परततात मार्च-एप्रिलमध्ये. गावात राहणाऱ्या आपल्याला हे ट्रक-ट्रॅक्टरच्या रांगांतून दिसतं. माझ्यासारखीला ते वर्गातल्या रिकाम्या जागांतून दिसतं. पटावर ५२ आणि डिसेंबरात समोर ३९.

या मुलांसाठी काहीच झालं नाही असं नाही. कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. आजी-आजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. गावच्या शाळेतून शिक्षण हमी पत्रक घेऊन दुसऱ्या गावच्या शाळेत बसायची सोय झाली. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुला-मुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना आली. हे सगळं हवंच आहे. पण तरीही एक प्रश्न उरतो. परत आलेलं लेकरू वर्गात बसतं कुठे, आणि बसून करतं काय?

बाई बोलणार आणि मुलं उतरवून घेणार, अशा वर्गात त्याला जागाच नसते. ते गेलं तेव्हा सातवा धडा चालू होता, आलं तेव्हा पंधरावा. मधल्या आठ धड्यांची वही कोरी. ते भिंतीकडेला बसतं आणि दुसऱ्याची वही घेऊन उतरवत राहतं. कुणी त्याला काही विचारत नाही, ते कुणाला काही विचारत नाही. एक-दोन वर्षं असं काढतं आणि मग यायचंच बंद होतं. मुलींचं तर आणखी लवकर. फडावर धाकटं भावंडं सांभाळायला ती लागतेच. सातवी-आठवीत शाळा सुटली की घरात लग्नाचा विषय निघतो, कारण कोयता जोडीनं धरायचा असतो. शाळा सुटलेली मुलगी आणि बोहल्यावर उभी राहिलेली मुलगी यांत आपल्याकडे किती थोडं अंतर असतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

म्हणून मला वाटतं, वर्ग कसा चालतो ही नुसती शिकवण्याच्या तऱ्हेची बाब नाही. कुणाला शाळेत टिकता येतं, हेही त्यावर ठरतं.

तुकड्यांचा धडा

याबाबतीत मला सगळ्यांत उपयोगी पडलेली पद्धत अमेरिकेतली आहे. १९७१ साली टेक्सास राज्यातल्या ऑस्टिन शहरात गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुलं नव्यानंच एका वर्गात बसू लागली होती. वर्गात तेढ होती, मारामाऱ्या होत. एलियट अ‍ॅरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी तिथे एक साधा उपाय केला. धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा दिला. प्रत्येकानं आपला तुकडा नीट शिकायचा आणि गटाला शिकवायचा. परीक्षा मात्र सगळ्या धड्याची. आता ज्याची टिंगल करायची त्याच्याकडेच आपल्याला हवा असलेला तुकडा! मुलं एकमेकांचं ऐकू लागली, आपसातली नावड कमी झाली आणि मागे पडलेल्या मुलांचे गुणही सुधारले.

आपल्याकडे हे कसं करावं? 'पाणी' हा विषय घ्या. त्याचे चार तुकडे होतात. पहिला, आपल्याकडे पाऊस कमी का. आपण सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, म्हणून. दुसरा, नद्या आणि धरणं. उत्तरेच्या सीमेवरून गोदावरी जाते, मांजरा आपल्या पाटोदा तालुक्यात उगम पावते, सिंदफणेवर माजलगावचं धरण आहे. २०१६ च्या दुष्काळात मांजरा धरण आटलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हेही यातच. तिसरा तुकडा विहिरी आणि बोअर. बीडची जुनी खजाना विहीर यात येते. चौथा, उसाला लागणारं पाणी.

हा चौथा तुकडा मी फडावरून परत आलेल्या मुलांना देते. पुस्तकात चार ओळी असतात, त्यांच्याजवळ चाळीस असतात. तिकडे नदीला उन्हाळ्यातही पाणी कसं असतं, पाट कसे येतात, फड कधी भिजवतात, सगळं त्यांनी पाहिलेलं असतं. भिंतीकडेला बसणारी एक मुलगी गटात सांगू लागली आणि नेहमी पहिल्या बाकावर बसणारी तिघं ते वहीत लिहून घेऊ लागली, हे मी पाहिलं आहे.

गणितातही तेच. "मोळी समजा २० किलोची, तर एका टनाला मोळ्या किती?" असं विचारलं की बाकीचे पेन शोधेपर्यंत ही मुलं "पन्नास" म्हणून मोकळी होतात. "आणि दीड टनाला?" "पंच्याहत्तर!" मग हीच रीत भागाकार म्हणून फळ्यावर मांडायची. हिशेब त्यांना येतच असतो. कागदावर तो कसा दिसतो, एवढंच शिकवायचं राहिलेलं असतं.

एक पथ्य मात्र कटाक्षानं पाळावं. मुलाला उभं करून "सांग बरं, तुमच्या कोपीत किती हाल होतात?" असं कधी विचारू नये. त्याची कीव करायची नसते. त्याला जे ठाऊक आहे ते वर्गाच्या कामी लावायचं असतं.

ज्या मैत्रिणी शिकवतात त्यांच्यासाठी

आपल्यापैकी कितीतरी जणी शाळेत किंवा घरी शिकवण्या घेऊन शिकवतात. त्यांच्यासाठी चार सोप्या गोष्टी.

१. जोडीनं विचार. प्रश्न विचारला की लगेच हात वर करायला लावू नका, नाहीतर तीच पाच मुलं रोज उत्तर देतात. एक मिनिट प्रत्येकानं गप्प राहून विचार करायचा, दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोलायचं, मग वर्गाला सांगायचं. ही रीत मेरीलँडच्या फ्रँक लायमन यांनी १९८१ साली मांडली. तिला खर्च शून्य, वेळ पाच मिनिटं. लाजरी मुलं सगळ्या वर्गापुढे बोलत नाहीत, पण शेजारणीशी बोलतात.

२. गट लहान ठेवा. चारांपेक्षा जास्त नको. आठांच्या गटात दोघं काम करतात आणि सहा जण टिवल्याबावल्या. वर्ग मोठा असेल तर बाक हलवायच्या भानगडीत न पडता पुढच्या बाकावरच्यांना मागे वळायला सांगावं, गट तयार.

३. गोंगाटाला खूण ठेवा. बाईंनी हात वर केला की पाहणाऱ्यानं हात वर करून गप्प व्हायचं. आठवडाभर सराव झाला की वर्ग अर्ध्या मिनिटात शांत होतो. शेजारच्या वर्गाचीही तक्रार येत नाही.

४. शेवटची पाच मिनिटं चिठ्ठीची. पाठकोऱ्या कागदाच्या चतकोरावर मुलांनी एक कळलेली आणि एक न कळलेली गोष्ट लिहून द्यायची. घरी भाजी निवडता निवडता चाळल्या तरी उद्या कुठून सुरुवात करायची ते कळतं.

पाठांतराला मात्र विरोध नको. पाढे तोंडपाठ हवेतच, शुद्धलेखनाचा सराव हवाच, कविता चालीवर म्हणायला हव्यातच. शिष्यवृत्तीच्या परीक्षेसाठी वेगानं गणितं सोडवायची सवयही लागते. आधी उमज पडली की पाठांतर टिकतं, एवढंच माझं म्हणणं. आणि रोज प्रत्येक तासाला कृती करणं कुणालाच जमत नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात दहा मिनिटं मुलांची असली तरी पुष्कळ झालं.

"त्या पोरांच्या गटात नको"

गेल्या मार्चमध्ये एक आई मला भेटायला आली. सुशिक्षित, स्वभावानं चांगली. थोडी अवघडून म्हणाली, "मॅडम, बाकी तुमचं सगळं आवडतं. फक्त माझ्या मुलीला त्या नव्यानं आलेल्या पोरांच्या गटात बसवू नका. ती मागे पडेल."

मी तिला म्हटलं, "ताई, ती पोरं नवी नाहीत. जूनमध्ये तुमच्या मुलीबरोबरच वर्गात आली होती." मग तिला तिच्या मुलीच्या चिठ्ठ्या दाखवल्या. भागाकार कळत नाही असं तिनं तीन दिवस लिहिलं होतं. चौथ्या दिवशी लिहिलं होतं, 'मोळ्यांच्या गणितावरून भागाकार कळला.' तो तिला फडावरून आलेल्या मुलानं समजावला होता. आणि त्या मुलाला मराठीचे राहिलेले धडे तुमची मुलगी वाचून दाखवते, हेही सांगितलं. दुसऱ्याला समजावून सांगताना आपलंच पक्कं होतं, हे आपण घरी धाकट्याला शिकवणाऱ्या थोरल्या मुलीत पाहतोच. ती आई थोडा वेळ चिठ्ठ्या हातात धरून बसली. गट बदलायचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

मैत्रिणींनो, किल्ली आपल्या हातात असते म्हटलं ते याचसाठी. शाळेत आवाज पोचतो तो गावातल्या आयांचा. फडावरची आई पालकसभेला यायची कशी? आपण 'वही भरा, धडे संपवा, गट बदला' म्हणत गेलो तर नव्या उमेदीची शिक्षिकाही महिनाभरात फळ्याकडे तोंड करते. आपण दोन शब्द बरे बोललो तर तिला बळ येतं. सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती असते. कायद्यानं तिच्यात तीन-चतुर्थांश सभासद पालक आणि निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. नुसती सही करायला न जाता तिथे बसून विचारा: मार्चमध्ये परत येणाऱ्या मुलांसाठी आपल्या शाळेत काय ठरलं आहे?

घरी काय करावं

संध्याकाळचा प्रश्न बदलावा. "आज काय लिहिलं?" ऐवजी "आज वर्गात तू काय केलंस? कुणाबरोबर? कुठे अडलं?" असं विचारावं. पहिले चार दिवस 'काही नाही' असं उत्तर येईल. येऊ द्या. पाचव्या दिवशी बोलेल.

मुलाला आपल्याला शिकवू द्यावं. पोळ्या लाटताना म्हणावं, "मला ते समजलं नाही बाई, पुन्हा सांग." सांगता सांगता अडलं की कच्चं कुठे आहे ते त्याचं त्यालाच कळतं. आपण मध्येच उत्तर सांगून मोकळं व्हायचं नाही, एवढा मोह आवरावा.

घरातला हिशेब मुलांकडे द्यावा. दुधाचं महिन्याचं बिल, पावशेर डाळीची किंमत, विजेच्या बिलावरची युनिटं. घरच्या गॅस सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. नवा लावला त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करायला सांगा, संपला की रोज सरासरी किती लागला ते काढू द्या. दशांश अपूर्णांकाचा यापेक्षा चांगला धडा मला माहीत नाही, आणि गॅस जपून वापरायची आठवणही घरात आपोआप राहते!

आणि शाळेनं दिलेला प्रकल्प रात्री अकरा वाजता आपण करत बसू नये. पुठ्ठा आपण कापायचा, चित्र आपण चिकटवायचं, लेकरू केव्हाच झोपलेलं! यात कृतियुक्त अध्ययन होतं ते आईचं. वाकडातिकडा झाला तरी त्याचा त्यालाच करू द्या. बाईंना आईचा हात लगेच ओळखू येतो, हे गुपित आज फोडून ठेवते.

शेवटी एक विनंती. हंगाम संपून गाड्या परतू लागल्या की आपल्या मुलांना सांगा, बाकावर सरकून जागा द्या, आपली वही दाखवा आणि तिकडे काय काय पाहिलं ते त्यांना विचारा. जुन्या पाठकोऱ्या वह्या आणि कंपासपेट्या घरात पडलेल्या असतील तर त्या शाळेत बाईंकडे नेऊन द्या, परस्पर मुलाच्या हातात देऊ नका. घेताना त्याची मान खाली जायला नको.

पुढच्या आठवड्यात पुन्हा स्वयंपाकघरात भेटू.